वावटळीची मोजदाद

कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, की चैत्र-वैशाखात खान्देशातली काळी वावरं नुसती तापत पडलेली असतात. दुपारी एकच्या सुमाराला बांधाकडून एखादी वावटळ उठते आणि पाचोळा, कापसाचं तूस, फाटकी पिशवी, जे सापडेल ते घेऊन वर चढते. त्यातल्या एकाच पानावर नजर ठेवून बघा. दोन गिरक्यांनंतर ते कुठे असेल, हे काही केल्या सांगता येत नाही. वावटळ मात्र धावत्या एसटीच्या खिडकीतूनही ओळखू येते. पान बेभरवशाचं, आकार भरवशाचा. केऑसच्या गणितातून संगणकावर जी अमूर्त चित्रं काढतात, त्यांचं सगळं भांडवल एवढंच आहे.

केऑसला मराठीत कुणी अराजक म्हणतं, कुणी गोंधळ. अराजक हा शब्द साफ चुकीचा आहे, कारण इथे नियम एकदाही मोडत नाही. गोंधळ मात्र एका अर्थाने चपखल बसतो, फक्त बाजारातला नव्हे, देवीचा. संबळ-तुणतुण्यावर रात्रभर चालणाऱ्या त्या गोंधळाला आवाहन, आख्यान, आरती असा ठरलेला क्रम असतो. बाहेरून ऐकणाऱ्याला दणदणाट वाटतो, आतल्याला पुढचा टप्पा ठाऊक असतो.

नियम पक्का असूनही भविष्य निसटतं कसं, हे खापरावरचे मांडे करणाऱ्या बाईच्या परातीत दिसतं. कणीक ती ताणते, घडी घालते, पुन्हा ताणते. त्या गोळ्यात हळदीचे दोन कण एकमेकांपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागावर आहेत असं समजा. प्रत्येक ताणीला अंतर दुप्पट झालं, तर दहा ताणींत ते १,०२४ पट होतं, म्हणजे दहा सेंटिमीटर. गोळाच तेवढा असतो. तिथून पुढे दोन्ही कण शेजारी होते याची खूण उरत नाही. ताण शेजाऱ्यांना लांब करतो आणि घडी सगळ्यांना परातीतच ठेवते. नुसता ताण दिला तर संख्या अनंताकडे पळतात, नुसती घडी घातली तर एका ठिपक्यात गोळा होतात. दोन्ही एकत्र आले की चित्र.

संगणकावर ताण आणि घडी देणारं सगळ्यात सोयीचं यंत्र पीटर डी याँग यांच्या नावाने ओळखलं जातं. दोन ओळींचं आहे:

नवा क्ष = साइन(अ × य) − कॉस(ब × क्ष)
नवा य = साइन(क × क्ष) − कॉस(ड × य)

क्ष आणि य ची प्रत्येक जोडी म्हणजे चित्रातला एक बिंदू. निघालेले नवे क्ष, य पुन्हा याच सूत्रांत घालत राहायचं, असं एकदा करणं म्हणजे एक फेरी. अ, ब, क, ड हे चार आकडे आपण ठरवायचे. सुरुवातीला अ = १.४, ब = −२.३, क = २.४, ड = −२.१ घ्या. साइन आणि कॉस कधीच १ च्या वर किंवा −१ च्या खाली जात नाहीत, म्हणून दोघांची वजाबाकी −२ ते २ मध्येच राहते. घडी आपोआप पडते, बिंदू पळून जाण्याची भीतीच नाही. (हा साइन म्हणजे आपली ज्या. भास्कराचार्यांनी ज्या काढण्याच्या रीतींवर ‘ज्योत्पत्ति’ नावाचं स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचं सांगणारा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा, पाटणादेवीच्या परिसरातला. खान्देशात बसून ज्या-कोज्यांशी खेळणाऱ्याला एवढा अभिमान माफ असावा.)

प्रोग्रॅम लिहिण्याआधी हे एक्सेलमध्ये करून बघावं. पहिल्या ओळीत क्ष आणि य दोन्हींना ०.१ द्या, खालच्या ओळीत वरची दोन सूत्रं, आणि ती २०,००० ओळींपर्यंत ओढा. मग स्कॅटर आलेख काढा, ठिपका सगळ्यात लहान ठेवा, ठिपके जोडणारी रेघ बंद करा. दुसऱ्या ओळीत क्ष = −०.८३४ आणि य = −०.७४० आलं पाहिजे. य −१.८८७ आला असेल, तर प्रोग्रॅम लिहिताना जवळपास प्रत्येकाच्या हातून होणारी चूक तुमच्याही हातून झाली आहे: य काढताना जुना क्ष घ्यायचा तो नवा घेतला गेला. नवा क्ष वेगळ्या नावाखाली ठेवा, य काढून झाल्यावर मगच दोन्ही बदला. गंमत म्हणजे चुकीच्या क्रमानेही चित्र उमटतं, कधी बरं उमटतं, पण ते दुसऱ्याच सूत्राचं असतं आणि दुसरीकडे मिळालेले आकडे त्यावर लागू पडत नाहीत. दुसरी चूक कोनाची. एक्सेलला आणि पायथन, प्रोसेसिंग या प्रोग्रॅमिंगच्या भाषांना कोन रेडियनमध्ये लागतो, शाळेतल्या मुलांच्या स्क्रॅचला अंशांत. एक रेडियन म्हणजे ५७.२९५८ अंश, म्हणून स्क्रॅचमध्ये कोनाला तेवढ्याने गुणल्याशिवाय काही मिळत नाही.

एक्सेलच्या आलेखात आकार कळतो, चित्र मिळत नाही. बहुतेक जण इथे फसतात. ठिपक्यावर ठिपका पडला की पडद्याला ते कळत नाही, काळं ते काळंच. दाट भाग लगदा होतो, विरळ भाग कागदावर मिरी सांडल्यासारखा दिसतो. म्हणून ठिपके काढायचेच नाहीत, मोजायचे. २,००० गुणिले २,००० खणांचं एक रिकामं कोष्टक घ्या, सगळीकडे शून्य. बिंदू ज्या खणात पडेल त्या खणाची मोजणी एकाने वाढवा. पहिल्या १,००० फेऱ्या मोजू नका, कारण बिंदू अजून आपल्या आकारावर पोचलेला नसतो आणि ती वाटचाल चित्रात ओरखड्यासारखी दिसते. बाकी सगळं चित्र या कोष्टकातून येतं. सूत्र फक्त धूळ उडवतं.

कोष्टकाचे स्वतःचे रोग आहेत. क्ष ला खणाच्या क्रमांकात बदलताना −२ ते २ ऐवजी −२.०५ ते २.०५ अशी थोडी ऐसपैस चौकट घ्या, नाहीतर काठावरचा बिंदू कोष्टकाबाहेर पडतो आणि प्रोग्रॅम थांबतो. चित्राचा एखादाच भाग मोठा करून काढत असाल, तर बाहेर पडणारे बिंदू आधीच गाळा. पायथनमध्ये ऋण क्रमांक चूक मानला जात नाही, तो मागून मोजला जातो. परिणामी डाव्या कडेबाहेरची धूळ उजव्या कडेला भुतासारखी उमटते. प्रत्येक खणाला जागा ३२ बिटांची द्या. १६ बिटांत ६५,५३५ च्या पुढे मोजणी परत शून्यावर येते, आणि जिथे सगळ्यात जास्त उजेड हवा नेमक्या तिथे काळी भोकं पडतात. कोष्टकाच्या ओळी वरून खाली मोजल्या जातात, म्हणून चित्र उलटं दिसतं. तो दोष नाही, हवं तर फिरवून घ्या.

आता या मोजणीचा उजेड करायचा. १० कोटी फेऱ्या ४० लाख खणांत वाटल्या तर सरासरी २५ येते, पण वाटणी अजिबात समान नसते. काही खणांत ५,००० पडतात, काही रिकामेच राहतात. सरळ प्रमाण लावलं, म्हणजे ५,००० ला २५५ ही पूर्ण पांढरी छटा दिली, तर २५ मोजणीच्या खणाला फक्त १ छटा मिळते. पडद्यावर काळोख आणि मधे दोन-चार तेजस्वी केस. याच वळणावर ‘सूत्र चुकलं’ म्हणून काम सोडून दिलं जातं. सूत्र बरोबर असतं, एक्स्पोजर चुकलेलं असतं. लॉगरिदम घ्या: लॉग(१ + मोजणी) भागिले लॉग(१ + सर्वांत मोठी मोजणी). त्या २५ च्या खणाला आता ९७-९८ छटा मिळते आणि आतापर्यंत न दिसलेले पडदे, वलयं, घड्या अंधारातून वर येतात. तो ‘१ +’ विसरू नका, रिकाम्या खणाचा लॉग काढता येत नाही.

चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव इथे आठवावंच लागतं. घरातल्या वस्तू टेबलावर मांडून, प्रकाश हवा तसा वळवून छायाचित्रं घडवणारा तो कलावंत. त्या पिढीच्या छायाचित्रकाराचं निम्मं काम कॅमेऱ्यात आणि निम्मं डार्करूममध्ये होत असे. निगेटिव्ह एकच, पण कागदावर कुठला काळा किती गडद आणि कुठला पांढरा किती भाजलेला, हे तिथे ठरायचं. मोजणीचं कोष्टक ही आपली निगेटिव्ह. म्हणून ती जशीच्या तशी वेगळ्या फाइलमध्ये साठवा आणि छटा लावण्याचा प्रोग्रॅम वेगळा ठेवा. तासभर मोजून थेट रंगीत चित्र साठवणारा माणूस निगेटिव्ह फेकून देतो. सर्वांत मोठी मोजणीही डोळे झाकून घेऊ नका. एखादा एकटाच खण लाखावर गेलेला असतो आणि बाकी चित्र त्याच्या वजनाखाली दबतं. रिकामे खण सोडून उरलेल्यांतली, ९९.९ टक्के खण जिच्या खाली आहेत अशी मोजणी पांढरी धरा, तिच्यावरचे सगळे पांढरेच. लॉगनंतर उत्तराचा ०.८ वा घात घेतला तर विरळ भाग उजळतो, १.५ वा घेतला तर पाठीमागचं धुकं दबतं. चित्राचा स्वभाव या एका आकड्याने इतका बदलतो, की अ, ब, क, ड शोधण्यात आठवडा घालवणाऱ्याने यावर किमान एक संध्याकाळ घालवावी.

विरळ भागात खरखर दिसते ती कमी मोजणीची. सरासरी २५ पडले असतील तिथे चढ-उतार पाचेकाचा, म्हणजे २० टक्के. १०० ला १० टक्के, ४०० ला ५. खरखर निम्मी करायची तर फेऱ्या चौपट, यात सूट नाही. पुष्कळ जण एक पळवाट काढतात: दुप्पट लांबी-रुंदीचं कोष्टक मोजायचं आणि चार-चार खणांची बेरीज करून लहान करायचं. पण ती बेरीज म्हणजे मूळच्या मोठ्या खणाचीच मोजणी, हाती नवीन काही येत नाही. उपयोग तेव्हाच, जेव्हा लहान करताना शेजारच्या खणांचंही थोडं थोडं वजन घेणारी गाळणी वापराल.

पायथनच्या साध्या लूपला १० कोटी फेऱ्यांसाठी मिनिटांमागून मिनिटं लागतात. त्याच लूपवर नम्बा या पायथनचा वेग वाढवणाऱ्या जोडसाधनाची एक ओळ चढवली की काम सेकंदांवर येतं. प्रोसेसरच्या आठही गाभ्यांना (कोअरना) कामाला लावणार असाल, तर प्रत्येकाला सुरुवातीचा वेगळा बिंदू आणि वेगळं कोष्टक द्या, शेवटी बेरीज करा. एकच कोष्टक सगळ्यांनी भरलं तर दोघे एकाच क्षणी त्याच खणाला हात घालतात आणि एकाची मोजणी बुडते. कुठे बुडते, तर सगळ्यात दाट जागी. चूक दिसत नाही, चित्र नुसतं मलूल होतं.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो आणि दुपारी काढलेला वेळेचा अंदाज फोल ठरतो. मोठी मोजणी रात्री लावावी, लॅपटॉप गादीवर न ठेवता पाट किंवा फरशीवर ठेवावा. वीज जाणार हे गृहीत धरून दर ५ कोटी फेऱ्यांनी कोष्टक आणि शेवटचे क्ष, य फाइलमध्ये उतरवावेत. या कामात वीज गेल्याचं दुःख फारसं नसतं, कारण मोजणी बेरजेत जाते. कालची रात्र, आजची रात्र, मित्राच्या संगणकावरचे दोन तास, सगळी कोष्टकं एकात मिळवली तरी चित्र तेच, फक्त अधिक नितळ.

दोन संगणकांवर साइनच्या शेवटच्या अंकात फरक असू शकतो, मग चित्र तेच कसं? हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत याची उलटी बाजू दिसली. हवामानाचं गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचं ०.५०६ भरलं, आणि थोड्याच वेळात नवं हवामान जुन्यापासून पार फुटून निघालं. दोन वर्षांनी त्यांनी जी तीन समीकरणं मांडली ती खालून तापणाऱ्या द्रवाच्या थराची होती, आणि तापलेल्या वावरावर वावटळ उठते तीही खालून तापलेल्या हवेमुळेच. नेहमीच्या ६४ बिटांच्या संख्येत १५-१६ अंक असतात. डी याँगसारख्या सूत्रात शेवटच्या अंकातला फरक साधारण पाऊणशे ते शंभरेक फेऱ्यांत सगळ्या चित्राएवढा होतो. म्हणजे तुमचा हजारावा बिंदू आणि माझा हजारावा बिंदू यांचा काही संबंध नाही. पण एका खणात दर लाखाला किती बिंदू पडतात, ते प्रमाण दोघांकडे जुळतं. आपण पान काढत नाही, वावटळ काढतो.

एक सावधगिरी. कणीक तिंबण्याचं सगळ्यात साधं गणित, संख्या दुप्पट करा आणि १ ओलांडलं तर १ वजा करा, हे कागदावर अस्सल केऑस आहे. संगणकावर मात्र साठेक फेऱ्यांच्या आत शून्य होऊन बसतं. आत सगळं द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ च्या, पद्धतीत असतं, दुप्पट करणं म्हणजे अंक एक घर डावीकडे सरकवणं, आणि ५३ अंकांची पुंजी संपली की मागे शून्यंच उरतात. साइन-कॉसच्या सूत्रांत हे होत नाही, पण ग्राफिक्स कार्डावर ३२ बिटांच्या संख्या वापरत असाल तर एकाच बिंदूवर अब्जावधी फेऱ्या काढू नका. पुंजी २४ द्विमान अंकांची असते, आणि बिंदू लवकरच जुन्या पावलांवर पाऊल ठेवत त्याच फेऱ्यात अडकू शकतो. हजारो बिंदूंपासून थोड्या थोड्या फेऱ्या काढा.

नवे अ, ब, क, ड शोधताना −३ ते ३ मध्ये चार आकडे यदृच्छेने घ्यावेत आणि निवड निम्मी यंत्रावर सोपवावी. कसोटी अशी: मूळ बिंदूपासून ०.०००००००१ अंतरावर दुसरा बिंदू ठेवा. प्रत्येक फेरीनंतर अंतर किती पट झालं त्याचा लॉग लिहा, दुसऱ्या बिंदूला त्याच दिशेत पुन्हा तेवढ्याच अंतरावर ओढा. १०,००० फेऱ्यांची सरासरी ऋण आली तर चार-सहा ठिपक्यांखेरीज काही मिळणार नाही. शून्याजवळ आली तर बांगडीसारखी बंद रेघ. स्पष्ट धन आली तरच पुढे जा. मग २०० गुणिले २०० खणांत दोन लाख बिंदू टाकून किती खण भरले ते मोजा. ५ टक्क्यांखाली ते वायरसारखं किरटं असतं, ८५ च्या वर सगळी चौकट धुक्याने भरते. आकडे मोठे घेतले की घड्या फार पडतात आणि हे धुकं वाढतं. मधल्यांचे २०० गुणिले २०० खणांचे छोटे नमुने शंभर-शंभर करून एका पानावर मांडा आणि डोळ्याने निवडा. हे शेवटचं काम यंत्राला देऊ नये. सुंदर चित्राची बेरीज-वजाबाकी लिहिता येते असा दावा करणारे आहेत, त्यांची निवड मात्र फार लवकर एकसारखी दिसू लागते.

चलचित्र करायचं असेल तर दोनच गोष्टी सांभाळा. ड दर चौकटीला (फ्रेमला) ०.००२ ने सरकवा आणि पांढऱ्याची मोजणी सगळ्या चौकटींना एकच ठेवा, नाहीतर चित्र ट्यूबलाइटसारखं मिचमिचतं. मधेच सगळा आकार पाच ठिपक्यांत कोसळला तर प्रोग्रॅम तपासत बसू नका. केऑसच्या पट्ट्यात अशा शिस्तीच्या खिडक्या असतात, ड आणखी सरकला की आकार परत येतो.

रंगाच्या बाबतीत इंद्रधनुष्याचा मोह आवरावा. सातही रंग एकाच चित्रात आले की छटेतला नाजूकपणा मरतो आणि सगळं चित्र जत्रेतल्या भिंगरीसारखं दिसतं. तीन रंग पुरतात. पार्श्वभूमीला काळ्या मातीचा (लाल २८, हिरवा २४, निळा २२), मध्याला पिकल्या केळीचा (२३०, १८०, ४०), वर फुटलेल्या बोंडाचा पांढरा (२५०, २४६, २३५), आणि मधल्या छटा प्रमाणात. दुसरी रीत अधिक मजेची: मोजणीबरोबर दुसऱ्या कोष्टकात, त्या खणात येताना बिंदूने किती लांब उडी मारली त्याची बेरीज ठेवा. बेरीज भागिले मोजणी म्हणजे सरासरी उडी. उजेड मोजणीवरून आणि रंग उडीवरून घेतला की एकमेकांवरून जाणारे पडदे वेगळे दिसू लागतात.

छापायला ए-३ कागद आणि इंचाला ३०० ठिपके धरले तर ३,५०८ गुणिले ४,९६१, म्हणजे १ कोटी ७४ लाख खण होतात. सरासरी १०० पाहिजे तर १७४ कोटी फेऱ्या. ३२ बिटांचं कोष्टक ७० एमबीत मावतं, त्यामुळे साध्या लॅपटॉपलाही जड नाही. चित्र १६ बिटांच्या पीएनजीत किंवा टिफमध्ये द्या. ८ बिटांत गडद भागात पायऱ्या पडतात, जेपेग बारीक धाग्यांचा चोथा करतं. फ्लेक्सवर हे छापू नये, तिथे केसाएवढे धागे उरतच नाहीत. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत मळतो, केळीचा पिवळा चांगला उतरतो, हेही त्या तीन रंगांचं एक कारण. आधी सगळ्यात गडद आणि सगळ्यात दाट भागांचे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे छापून पाहा, आणि दुकानदाराला ‘ऑटो करेक्शन’ बंद ठेवायला सांगा. त्यांचं यंत्र विरळ धुक्याला धूळ समजून पुसतं.

छापून आल्यावर मागच्या बाजूला अ, ब, क, ड चार दशांश स्थळांपर्यंत, चौकटीच्या कडा, फेऱ्यांची संख्या आणि छटेचा घात लिहून ठेवा. सूत्रात क्रम जुना क्ष की नवा, तेही लिहा. पेन्सिलीने लिहा, बॉलपेन दाबून लिहिलं की काळ्या भागात पुढून उठतं.